शनिवारची पावणेचारची बोट

आदरणीय चिझुको आत्या यांना रित्सुचा कमरेतून पूर्ण वाकून नमस्कार.

जुलै लागला तरी पावसाची रिपरिप अजून पुरती हटलेली नाही. मधूनच एखादा दिवस मात्र असा लख्ख उघडतो की समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. उतारावरच्या बागेत संत्री गोटीएवढी झाली आहेत आणि बाबा रोज शिडीवर चढून त्यांतली निम्मी तोडून टाकत आहेत (उरलेली गोड व्हावीत म्हणून, तोडलेल्यांचं म्हणणं कुणी विचारत नाही). आपला उजवा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो का? ओसाकाच्या उकाड्यात दिवसभर तव्यासमोर उभं राहून कोबीची धिरडी उलटणं सोपं नाही, तेव्हा तब्येतीला जपावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आईची कंबर बरी आहे. बाबा नेहमीसारखेच आहेत, म्हणजे दिवसाला साधारण नऊ शब्द बोलतात.

पत्रास कारण की... पण कारण जरा पुढे येईल. तोवर एक परवानगी असावी. इथून पुढे मी ‘तू’ म्हणणार आहे. ‘आपण’ लिहिलं की माझी पाठ आपोआप ताठ होते, आणि ताठ पाठीने मला खरं बोलता येत नाही. (खोटंही बोलता येत नाही, ही त्याहून मोठी अडचण.)

तर आत्या, तू पाठवलेला कापडी फलक सुखरूप पोहोचला. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. तीन मीटर लांब, पिकल्या तेंदूफळाचा रंग, आणि त्यावर तुझ्या दुकानाच्या पाटीवरच्यासारखी जाडजूड अक्षरं: ‘आमचा एक नंबर – रित्सु’. पार्सलमध्ये घडी पडली होती म्हणून आईने तो धुण्याच्या बांबूवर वाळत घातला. आपलं घर चढावर, वारा सुटलेला, आणि खालच्या धक्क्यावरून अक्षरं काही वाचता येत नाहीत, नुसता रंग दिसतो. तुला माहीतच आहे, आपल्या बंदरात असलं रंगीत कापड फडकलं की त्याचा अर्थ एकच, कुणाच्या तरी होडीला घबाड लागलं. पाऊण तासात आमच्या दारात पंधरावीस बायका घमेली आणि बादल्या घेऊन उभ्या. कुठली होडी आली, बांगडा आहे की ट्यूना, किलोला काय भाव. आईने सगळ्यांना सांगितलं की होडी नाही, मुलगा आहे. तेव्हा तांदळाच्या दुकानातल्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “घबाड म्हणावं असं काही दिसत नाही बाई.” तरी जाताना प्रत्येकीला आईने संत्र्याचा मुरंबा दिला, कारण कुणाला रिकाम्या बादलीने परत पाठवायचं नसतं.

त्या दिवसापासून गावात मी ‘एक नंबर’. हा घोळ कुठून सुरू झाला ते तुला पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, नाहीतर तू म्हणशील की पोरगं सरळ मुद्द्यावर येत नाही. (येत नाहीच.)

शाळेच्या बेसबॉल संघात माझी जागा सेंटरची. पाठीवर आठ. मधल्या लांबच्या मैदानात, सगळ्यांच्या पाठीमागे, कुंपणाला जवळ. तिथे उभं राहण्याचं सुख सांगून कळायचं नाही. समोरचा सगळा खेळ तळहाताएवढा दिसतो. बॅट आधी हलते आणि आवाज मागाहून येतो, आणि मधला तो एवढासा वेळ कुणाचाच नसतो. मला तो वेळ फार आवडतो. घारीची सावली गवतावरून येते, माझ्या बुटांवर चढते, उतरते आणि निघून जाते. पाठीमागे शेवाळ वाळत घातल्याचा वास. कुंपणापलीकडे धक्का, आणि सोमवार ते शुक्रवार पावणेचारला बेटाकडे सुटणारी ती पांढरी बोट. ती गेल्यावर पाण्यावर जी रेघ उमटते ती पुसली जायला साडेचार मिनिटं लागतात. मी मोजली आहेत. (मोजत असताना एकदा समोरच्यांच्या दोन धावा झाल्या, पण रेघ मी पूर्ण पाहिली.) चेंडू माझ्याकडे सामन्यात पाच-सहा वेळाच येतो, पण येतो तेव्हा थेट आभाळातून येतो, आणि मी आभाळाकडेच बघत असल्यामुळे सहसा सुटत नाही. आम्हाला खेळवणारे उत्सुमी सर म्हणतात की जगात झोपेत झेल घेणारा खेळाडू त्यांनी एकच पाहिला. ते भूगोल शिकवतात, तेव्हा जगाबद्दलचं त्यांचं म्हणणं मी मानतो.

मार्चमधल्या त्या दिवशीही मी असाच उभा होतो. बोटीची रेघ निम्मी पुसली होती. एकदम सगळे ओरडायला लागले, पाहिलं तर चेंडू माझ्या पायाशी पडलेला आणि एक पळणारा धाव पुरी करायला ‘घर’ म्हणतात त्या शेवटच्या टप्प्याकडे निघालेला. मी दचकून चेंडू उचलला आणि फेकला. आत्या, हात तुझाच आहे. नव्या वर्षाला तू यायचीस, बागेतली सडकी संत्री वेचायचीस आणि टोकाच्या झाडाला टांगलेल्या डब्यावर मला नेम धरायला लावायचीस, ‘खांद्याने नाही, पोटाने फेक’ म्हणायचीस, त्याचंच हे फळ. चेंडू जमिनीला न टेकता सगळं मैदान ओलांडून गेला, कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि उत्सुमी सर पाण्याची किटली घेऊन उभे होते तिच्या पोटात बसला. सरांनी किटली उलटी करून पोचा चाचपला. मग म्हणाले, “किटली नवीन होती. उद्यापासून तू पिचर.”

पिचरच्या पाठीवर एक नंबर, म्हणून मी तुला फोन केला तो त्याच संध्याकाळी. तू किंचाळलीस ते मला आठवतं, कारण मागे तव्यावरचं धिरडं चरचरून करपल्याचा आवाज आला. तुला काय वाटलं ते मला कळतं. तुझ्या शाळेतल्या शेवटच्या उन्हाळ्यात सॉफ्टबॉलचा एक नंबर तुझ्या पाठीवरून काढून तुझ्याच संघातल्या ‘त्यांना’ दिला आणि तुला अकरा देऊन बाकावर बसवलं, या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आपल्या घरात अजून त्या बाईंचं नाव निघत नाही. मासळीबाजारात गाठ पडली तर आई घरी येऊन ‘आज त्या भेटल्या’ एवढंच म्हणते. (त्या दर नव्या वर्षाला तुला कार्ड पाठवतात आणि तू ते न वाचता परत करतेस, हे मला पोस्टमन काकांकडून कळलं. त्यांना सांगू नकोस.) तेव्हा घराण्यात एक नंबर परत येणार म्हटल्यावर तू चौदा मुलांच्या गाद्या दुकानाच्या माळ्यावर काढून ठेवल्यास, कारण देशभरच्या शाळांची अंतिम स्पर्धा होते ते कोशिएनचं मोठं मैदान तुझ्यापासून पाऊण तासावर. आत्या, आपली शाळा गेल्या नऊ वर्षांत जिल्ह्याची पहिली फेरीसुद्धा जिंकलेली नाही. गाद्यांना जरा ऊन दाखवून परत ठेव.

आता पिचर होण्याचे हाल ऐक. त्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहिलं की सगळं गाव तुझ्याकडे बघतं आणि तुला कुठेच बघता येत नाही. आणि चेंडू सारखा परत येतो. फेकला की परत, फेकला की परत, चुकीच्या पत्त्यावर टाकलेल्या पत्रासारखा. सेंटरला एका चेंडूनंतर मला निदान एक ढग मिळायचा. इथे ढगाकडे पाहिलं तर कॅचर मास्क काढून चालत येतो आणि विचारतो, पोट ठीक आहे ना.

मे महिन्यात शेजारच्या बंदरगावाशी सरावाचा सामना झाला. माझा चेंडू वेगवान आहे असं सगळे म्हणतात. कुठे जाईल हे मात्र कुणी म्हणत नाही. पहिल्या तीन डावांत मी पाच वेळा समोरच्याला चेंडू मारला. मारला की टोपी काढून वाकायचं, ही तुमच्या वेळेपासूनची रीत. पाच वेळा टोपी काढली, संघाच्या रीतीने डोकं भादरलेलं, ऊन मेचं, संध्याकाळी टाळू सोलून निघाली. त्यांतल्या एकाला दोनदा लागला. दुसऱ्यांदा मी वाकलो, तर तोही वाकला, म्हणून मी आणखी वाकलो, तर त्यानेही आणखी, शेवटी पंच म्हणाले की दोघांनी पुढच्या आठवड्यात एकमेकांच्या घरी जाऊन काय ते करा. (मुलगा चांगला आहे. त्याच्याकडे कासव आहे.)

तरीही शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. तिसऱ्या टप्प्यावर त्यांचा एक गडी. मी पाय उचलला, हात मागे नेला, आणि तेवढ्यात दिसलं की दाइगो बाकाशेजारी भाताचा गोळा हातात धरून उभा आहे आणि वरून एक घार सरळ रेषेत खाली येते आहे. आत्या, इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलेलं नाही. पंख मिटून आली, गोळा उचलला, त्याच्याभोवतीचा शेवाळाचा कागदसुद्धा न फाडता वर गेली आणि उन्हात वळली. मी एका पायावर उभा राहून शेवटपर्यंत पाहिलं. आणि एकदा सुरू केलेली फेक मध्येच थांबवली तर समोरच्याला एक टप्पा फुकट, हा नियम तुला माहीतच आहे. त्यांचा गडी चालत चालत घरी गेला आणि आम्ही हरलो. उत्सुमी सरांनी दुसऱ्या किटलीतलं पाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतलं.

दाइगो कोण ते तुला सांगायचं राहिलं. आपल्या गावच्या बर्फकारखान्यातल्या त्सुकाशिता काकांचा मुलगा. गेल्या वर्षापासून आमचा एक नंबर तोच. त्याचा चेंडू इतका हळू असतो की बॅट्समनला मध्ये शिंक आली तरी देऊन घेता येते, पण जातो मात्र जिथे सांगाल तिथे. तीन वर्षं रोज दोनशे फेकी, पावसात सायकल-शेडच्या भिंतीवर. माझं असं भरकटणं बघून दुसरा कुणी असता तर मनात खूश झाला असता. हा उलट मला बोटं कशी धरायची ते शिकवायला लागला. एकदा संध्याकाळी आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. म्हणाला, “तू एक घे. माझ्या चेंडूने आपण तीन डाव टिकू, तुझ्याने नऊ टिकू. मला एकदा तरी दुसऱ्या फेरीचा डबा खायचाय.” मी म्हटलं, मग तू काय करशील? तो म्हणाला, डाव्या मैदानात उभा राहीन, तुझी बोट बघीन. हे सांगताना तो पाण्यात खडे टाकत होता, आणि तेही सगळे एकाच जागी पडत होते.

सर हुशार माणूस. त्यांनी ठरवलं की आपण सांगायचं नाही. मला बोलावून म्हणाले, पिचर की सेंटर हे तूच कागदावर लिही, एक किंवा आठ, आणि किटलीत टाक. (मार्चमधली तीच किटली. पोचा पडल्यामुळे तिच्यात आता पाणी राहत नाही, कागद राहतात.) मी चार दिवस विचार केला. बाबांना विचारलं, ते शिडीवरून म्हणाले, “झाडाला विचारून फळ येत नाही.” याचा अर्थ मी अजून लावतो आहे. आईने विचारलं की तुला काय हवंय, आणि मला रडू येईल असं वाटल्याने मी भात वाढून घेतला. (तिसरा वाडगा. सर जबरदस्तीने रोज तीन खायला लावतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.) सगळ्यांचं म्हणणं पडलं की हात देवाने दिलेला आहे, तो कुंपणाजवळ उभा करून ठेवणं बरं नव्हे. तुझा फलक बांबूवर फडकत होता. शेवटचा उन्हाळा, एक सामना हरलो की संपलं. गुरुवारी मी कागदावर ‘एक’ लिहिला आणि किटलीत टाकला. टाकल्यावर फार हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. त्या दिवशी पावणेचारची बोट मी पाठ करून जाऊ दिली.

शुक्रवारी काही विशेष घडलं नाही. सराव झाला. नळावर दाइगो आपली टोपी धूत होता. आम्ही सगळे टोपीच्या आत, कपाळाशी येतो त्या भागावर, शाईच्या जाड पेनने काही ना काही लिहितो. कुणी ‘जिद्द’, कुणी आईचं नाव. त्याने पहिल्या वर्षी ‘एक’ लिहिलं होतं. ते तो कपड्याच्या साबणाने घासत होता. ती शाई जात नाही. मी पाणी पिऊन निघालो.

आणि शनिवारी नंबर वाटले. भूगोलाच्या वर्गात, दुपारी, पावणेचारच्या सुमाराला. तुला सगळं डोळ्यांसमोर येईल. टेबलावर पांढऱ्या कापडाचे चौकोन, त्यांवर काळे आकडे, मागच्या बाकांवर सुईदोरा घेऊन बसलेल्या आया, फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा. सर आधी आकडा म्हणतात, मग नाव. नाव आलं की ‘हो’ म्हणून ओरडायचं, धावत जायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, वाकायचं. सर म्हणाले, “एक.” आणि थांबले. चष्मा पुसायला थांबले म्हणे. तेवढ्यात दाइगो ‘हो!’ म्हणून उठला आणि धावत पुढे गेला. वर्षभराची सवय, दुसरं काय. दोन्ही हात पुढे केल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याचे कान मागून लाल झाले, हात मात्र तसेच राहिले, कारण पुढे केलेले हात मागे कसे घ्यायचे याची काही रीतच नाही. सर माझ्याकडे बघत राहिले म्हणे. बराच वेळ बघत राहिले म्हणे.

‘म्हणे’ म्हणतो, कारण हे सगळं मला मागाहून कळलं. मी त्या वेळी खिडकीतून बघत होतो. पावणेचारची बोट नुकतीच धक्का सोडून निघाली होती. रेघ उमटत होती. इतकी सरळ रेघ मी कधी पाहिली नव्हती, आणि बोटीच्या मागून एक घार, आणि पाण्यावर तिची सावली, आणि मला वाटलं की मी सेंटरलाच उभा आहे. भानावर आलो तेव्हा सर ‘त्सुकाशिता दाइगो’ म्हणून गेले होते, एक नंबर त्याच्या छातीशी होता, आणि पुढे दोन, तीन करत आठ आला तेव्हा माझं नाव आलं. काय करणार? पोराचा स्वभावच तसा. दोष द्यायचा तर बोटीला दे.

तेव्हा मी आठ नंबर, सेंटर. आईने संध्याकाळी शिवून टाकला. मी म्हटलं, तुला वाईट वाटलं का? म्हणाली, “चौकोन तेवढाच असतो, टाके तेवढेच लागतात.” बाबांनी ऐकून ‘आठ? बरं’ म्हटलं आणि जेवायला बसले. जेवण झाल्यावर म्हणाले, “सेंटरला असलास की शिडीवरून दिसतोस.” मला हे सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

तुला मात्र वाईट वाटणार, हे मला ठाऊक आहे. तू ओसाकाभर सांगितलंस, बावीस गिऱ्हाइकं बस करून येणार म्हणालीस, आणि हा गाढव बोट बघत बसला. मोठ्या मनाने क्षमा कर. गुडघ्याला आल्याचा शेक दे. तव्याजवळ पंखा लाव. घरातल्या सर्वांचा तुला नमस्कार आणि माझा पुन्हा एकदा वाकून, या खेपेला टोपी काढून.

तुझा,
रित्सु

ता. क. बारा तारखेला पहिला सामना आहे. फलक फुकट जाऊ नये असं आईचं म्हणणं. मी नीट पाहिलं, ‘आमचा एक नंबर’ हे शब्द एका अंगाला आहेत आणि माझं नाव दुसऱ्या टोकाला. शिवण उसवली की नाव सुटं होतं. राहिलेला तुकडा तुझ्या बावीस जणांनी दाइगो फेकायला आला की धरावा. त्याच्या घरचं कुणी येणार नाही, बर्फकारखाना उन्हाळ्यात बंद ठेवता येत नाही. माझ्या नावाचा तुकडा आईने भाताच्या भांड्यावर झाकायला घेतला आहे, घारींच्या भीतीने.

ता. क. दुसरा. तू या गावची आहेस. शनिवारी पावणेचारची बोट नसते, हे तुला वर वाचतानाच कळलं असेल. सरांनाही कळलं. सगळे गेल्यावर मी त्यांना हेच बोटीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी किटलीतून माझा कागद काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “शनिवारी बोट नसते.” मग म्हणाले, “आठ नंबरवाल्यानेही खांदा गरम ठेवावा. शेवटच्या दोन डावांत फेकायला बोलावीन.” आणि नकाशा गुंडाळायला लागले. आत्या, खिडकीत काहीच नव्हतं. रिकामा धक्का होता. सर ‘एक’ म्हणाले ते मी स्वच्छ ऐकलं, माझा पाय बाकाबाहेर आलेलासुद्धा होता. दाइगो उठला, त्याचे हात दिसले, आणि मी पाय आत घेतला. त्याने मला नंतर विचारलं की कागदावर काय लिहिलं होतंस. मी म्हटलं, आठ. हे एक खोटं तू सांभाळ, तव्यावर उलटू नकोस.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र एवढंच आहे. सेंटर मला आवडतं, हे खरं. पण पाय मी आवडीसाठी आत घेतला नाही. एका माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्याचं नाव घेतलं नाही की कसं असतं, ते मी आपल्या घरात लहानपणापासून पाहिलं आहे. मला तुझ्या वयाचा झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, दाइगोने नावाने हाक मारलेली हवी आहे. तुझ्यावर टीका नाही, आत्या. तुझा राग मला समजतो, नळावर दाइगो टोपी साबणाने घासताना दिसला तेव्हा पहिल्यांदा समजला. तेव्हा एक विनंती. तो अकरा नंबर तू फेकून दिलास असं सांगतेस, पण बाबा म्हणतात की तो तुझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी आहे (त्या दिवशीचे नऊच्या नऊ शब्द त्यांनी यावर खर्च केले). तो घेऊन ये. बावीस जण पुढे बसू देत. तू मागे ये, सेंटरच्या पाठीमागे गवताचा उतार आहे, तिथे कुणी बसत नाही. आई सुईदोरा घेऊन येणार आहे, तुझ्या पाठीला लावून देईल. एक नंबराला लागतात तेवढेच टाके लागतील.